गाविलगडाची रंगपेटी

परतवाडा सोडलं, धामणगाव गढी मागं टाकली आणि चिखलदऱ्याचा घाट चढू लागलं, की दोन्ही बाजूंच्या कापलेल्या दरडींकडं जरा नजर ठेवा बाप्पा. काळा खडक, त्याच्यावर पुन्हा काळा खडक, आणि त्या दोन काळ्यांच्या मधोमध एक लाल पट्टा, कुठं वीतभर तर कुठं पुरुषभर जाड, लांबच लांब गेलेला. गाडीतली मंडळी माकडं पाहत असतात, कुणाला वळणांनी मळमळतं, कुणी भाजलेलं कणीस कुठं मिळेल याची चौकशी करत असतो, आणि तो पट्टा कोट्यवधी वर्षं तिथंच असून त्याची विचारपूस करणारा विरळा. मी करतो, कारण माझ्या जलरंगांच्या डब्यातला पहिला रंग तिथला आहे.

त्या पट्ट्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा इथं घाट नव्हता, साग नव्हता, वाघ नव्हता की कोरकू आदिवासींचा एखादा ढाणाही, म्हणजे पाडाही, नव्हता, तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून तापलेला रस वर आला आणि चहूकडं पसरून थिजला. तोच आपला काळा दगड. पण हे एका दमात झालं नाही. एक लोट यायचा, थिजायचा, मग हजारो वर्षं सामसूम; त्या निवांत काळात पाऊस पडायचा, ऊन तापायचं, वरचा दगड कुजून त्याची माती व्हायची आणि दगडातलं लोखंड गंजून ती माती लाल व्हायची. मग केव्हातरी पुढचा लोट यायचा, त्या मातीवर पसरायचा आणि तिला भाजून, दाबून, झाकून टाकायचा. भूगर्भशास्त्राची मंडळी या थराला लाल बोल म्हणतात. दोन लोटांच्या मधली ही विसाव्याची खूण आपण बोटावर घेतो आणि कागदावर पळस रंगवतो, हे मनात आलं की मला अजूनही मौज वाटते.

आणि हा रंग जात नाही बरं का. उन्हात ठेवा, पावसात ठेवा, तो आहे तसाच. कारण सरळ आहे: लोखंड गंजायचं ते एकदा गंजून चुकलं, आता हवा त्याचं आणखी काय बिघडवणार? याचा पुरावा पाहायला फार लांब जावं लागत नाही. याच गाविलगडाच्या डोंगररांगेत, मोर्शीच्या अंगाला, सरहद्द ओलांडून बैतूल जिल्ह्यात पाऊल टाकलं की धारूळजवळ अंबादेवीच्या कपारी आहेत. अमरावतीची निसर्गवेडी मंडळी, डॉ. विजय इंगोले त्यांत पुढे, २००७ च्या जानेवारीत तिथं जंगलात हिंडत होती आणि त्यांना दगडांच्या छपराखाली चित्रं दिसली. हत्ती, हरणं, माणसं, लाल आणि पांढऱ्या रंगात. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथलीच माती पाण्यात कालवून दगडावर चढवली आणि ती तशीच राहिली. आमच्या भागातले पहिले जलरंग चित्रकार ते. त्यांना दुकान माहीत नव्हतं, आणि रंग कुठून आला हा प्रश्नही पडत नसणार, कारण तो पायाखालचाच.

आता कुणी म्हणेल, मग चला, आणू पोतंभर माती. थांबा. हा सगळा मेळघाटाचा मुलूख, आणि मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतला एक. त्या जंगलातून काडी उचलायची नाही की खडा उचलायचा नाही, आणि दरडीला टोचायचं तर मुळीच नाही, कारण टोचलेली दरड पुढच्या पावसात रस्त्यावर येते. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कामावरचे मजूर नालीत कोसळलेली माती टोपल्यांनी उचलून बाजूला टाकतात, तिथं त्यांना विचारून मूठभर घ्यावी. मूठभर पुरे. एका मुठीत रंगाची वडी होते आणि जलरंगाची वडी इतकी हळू झिजते, की ती संपायच्या आधी माणूस कंटाळतो. शेतात, विहिरीच्या खोदकामात, कुंभाराच्या खळग्यातही मातीचे रंग असतात. एका कोरकू म्हातारीला मी तिच्या घराची भिंत पोतारताना पाहिलं होतं, हातानं, झपझप, खांद्यापासून कंबरेपर्यंत हात फिरवत, पिवळसर मातीचा इतका सरळ पट्टा ओढला तिनं की मी पाहतच राहिलो. म्हटलं, "आजी, दरसाल देता का हे?" तर म्हणाली, "पाऊस नेते, आमी पुन्हा आनतो." झालं. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि ती पुन्हा भिंतीकडं वळली.

तर ती मूठभर माती आणली, की तिचा रंग कसा करायचा ते सांगतो, कारण यात हात घातल्याशिवाय गंमत कळत नाही. पाट्यावर वरवंट्यानं ती बारीक वाटायची, मग तांब्याभर पाण्यात कालवायची आणि मनात सावकाश शंभरपर्यंत आकडे मोजायचे. वरचं लाल पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, खाली राहिलेली कचकच फेकायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. होतं काय, की जाड कण लगेच तळाला बसतात आणि बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. एक कण दुसऱ्याच्या निम्म्या जाडीचा असेल तर त्याला तेवढंच अंतर बुडायला चौपट वेळ लागतो. हे गणित जॉर्ज स्टोक्स नावाच्या गृहस्थानं १८५१ साली मांडून ठेवलं, पण कुंभाराच्या हाताला ते त्याच्याही आधीपासून येत होतं. शेवटचं पाणी रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यागत गाळ. बोटांत चोळून पाहा, दाणा म्हणून लागत नाही.

पिवळी माती मिळाली तर आणखी एक चमत्कार घरच्या चुलीवर करता येतो. लोखंडी तव्यावर ती पूड पसरायची आणि खाली चांगला जाळ लावायचा. पिवळी माती म्हणजे गंजात अडकून बसलेलं पाणी. अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात ताप गेला की ते पाणी निघून जातं आणि पिवळी पूड डोळ्यांदेखत आधी केशरी, मग तांबडी होते. माझा नातू पहिल्यांदा हे पाहून तव्यावर इतका वाकला, की भुवया जळायच्या. "आबाजी, यात काय टाकलं तुम्ही?" टाकलं काहीच नाही बेटा, होतं ते काढलं.

पण नुसती माती कागदावर बसत नाही, वाळली की झटकून जाते. तिला धरून ठेवायला डिंक लागतो. आपल्याकडं हिवाळ्यात लाडवात घालतात तो धावड्याचा डिंक, आणि शेताच्या बांधावरच्या बाभळीचा. धावड्याचा पाण्यात पुरता विरघळत नाही, फुगून चिकट लापशी होते, म्हणून तो गाळावा लागतो. बाभळीचा सरळ विरघळतो. एक वाटी डिंकाला दोन वाट्या पाणी, आणि त्यात थोडा मध. मध कशाला? तो हवेतली ओल धरून ठेवतो, म्हणून वडी वाळून तडकत नाही आणि कुंचल्यानं ओलं केलं की लगेच रंग सोडते. या डिंकाचा गुण असा, की वाळल्यावरही तो पाण्याला ओळखतो. वर्षानं डबा उघडा, थेंबभर पाणी टाका, रंग पुन्हा जागा. वाया काही जात नाही. एक काळजी मात्र घ्यावी, त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालावेत, एरवी पावसाळ्यात बुरशी धरते आणि उन्हाळ्यात मुंग्या येतात. शेजारच्या पोट्ट्यांनी हौसेनं मध जरा जास्तच घालून वड्या केल्या होत्या, तर सकाळी रांगच रांग लागलेली, आणि एक मुंगी तांबड्या मातीचा कण तोंडात धरून इतक्या ठसक्यात चाललेली, की पोट्ट्यांना राग यायच्या ऐवजी हसू फुटलं.

कुंचल्याबद्दल मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपल्या देशात चांगला कुंचला म्हणजे मुंगसाच्या केसांचा, असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं, कारण तो केस लवचीक आणि टोक धरणारा. पण त्या केसांसाठी मुंगूस मारावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, तेव्हा असा कुंचला विकणंही गुन्हा आणि घेणंही. आता बनावट धाग्याचे कुंचले चांगले मिळतात. पाणी थोडं कमी धरतात, पण हात आठ दिवसांत सरावतो. ज्या बांधावरून मुंगूस तुरुतुरु जाताना पाहून आपल्याला चित्र सुचतं, त्याच मुंगसाच्या केसांनी ते रंगवायचं, हे मला कधी पटलं नाही. आणि मोठ्या आभाळाला रुंद कुंचा हवा असेल तर आपल्याकडं पळसाच्या मुळ्या ठेचून चुना द्यायचे कुंचे करत, ते आठवावेत.

कागदाची मात्र आम्हा वऱ्हाडकरांनी काळजी करू नये. जलरंगाचा उत्तम कागद जगात कशाचा करतात? कापसाचा. लाकडाच्या लगद्यात एक द्रव्य असतं, ते उन्हानं पिवळं पडतं आणि कागद कुरकुरीत होतो. कापसाच्या धाग्यात ते जवळजवळ नसतंच, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या पांढरा राहतो, कितीही ओला केला तरी फाटत नाही. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेनं निघाली, कृ. ब. जोशींनी ती उभी केली, आणि तिथं सुती चिंध्यांचा कागद होतो. म्हणजे आपल्या काळ्या मातीतला कापूस, त्याचं कापड, कापडाच्या चिंध्या, चिंध्यांचा कागद, आणि त्या कागदावर पुन्हा आपलीच माती. या कागदाचा पांढरेपणा हाच जलरंगातला उजेड असतो, कारण इथं पांढरा रंग लावायचा नसतो, जागा सोडायची असते. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपली मुलगी गीता हिला हातात दिवा देऊन उभं केलं आणि ते चित्र जलरंगात काढलं. 'ग्लो ऑफ होप' म्हणून ते म्हैसूरच्या जगनमोहन महालात आहे. ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून येणारा तो उजेड पाहून कित्येकांना ते तेलरंगाचं वाटतं, कित्येकांना राजा रविवर्म्याचं. दोन्ही नव्हे. कागद, पाणी आणि सोडलेली जागा.

आता कॉफीची गोष्ट, आणि ती माझी लाडकी आहे. चिखलदरा अकराशे मीटरच्या उंचीवर, म्हणून इथं इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. विदर्भात कॉफी पिकते ती इथंच. तर ओसरीवर चित्र काढत बसावं, शेजारी कॉफीचा कप ठेवावा, एखादा थेंब कागदावर सांडावा, आणि वाळल्यावर पाहावं. डाग मधे फिक्का आणि कडेला गडद, बांगडी काढल्यागत. का? थेंब मधे फुगीर असतो, कॉफी मधेच जास्त, मग मधेच गडद व्हायला नको का? जगभर माणसं कॉफी सांडत आली, पण हे कोडं नीट उलगडलं ते १९९७ साली, शिकागो विद्यापीठात, रॉबर्ट डीगन, सिडनी नेगल आणि त्यांच्या सोबत्यांनी. थेंबाची कड कागदाला घट्ट धरून बसते, मागं सरकत नाही. मधल्या भागावर वाफेची गर्दी, तिथली वाफ सावकाश जाते. कडेची वाफ मात्र बाजूच्या मोकळ्या हवेत चटकन सुटते. कडेचं पाणी उडालं की त्याची जागा भरायला आतलं पाणी कडेकडं धावतं, आणि जाताना कॉफीचे कण संगती घेऊन जातं. पाणी उडून जातं, कण तिथंच राहतात. बहिरमच्या यात्रेला चहूकडून लोक लोटावेत आणि तिथंच राहुट्या ठोकून बसावेत, तशी त्यांची कडेला दाटी होते. पुढं २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियात पीटर युंकर आणि मंडळींनी आणखी एक कमाल दाखवली: कण गोल असले तर बांगडी उमटते, पण तेच कण ताणून लांबट केले तर ते एकमेकांत अडकतात आणि डाग सगळीकडं सारखा वाळतो. आकार बदलला, गडद कड गेली!

जलरंगवाल्याचं अर्धं आयुष्य या कडेशी गोडीगुलाबीनं वागण्यात जातं. कोरड्या कागदावर पानाचा आकार भरून सोडून दिला, की वाळता वाळता त्याला आपोआप बारीक गडद किनार येते. ती आपण काढलेली नसते, पाण्यानं काढलेली असते. ती नको असेल तर कागद आधीच ओला करायचा, मग कडच राहत नाही. पण यात हवेचाही हात आहे. अकोल्याच्या वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेला असताना, रंग कुंचल्यावरच वाळतो, कडा चाकूनं कापल्यागत येतात. आणि श्रावणात चिखलदऱ्याला, ढग सरळ खिडकीतून घरात शिरत असताना, चित्र दुपारपर्यंत ओलंच, कडा विरघळून गेलेल्या, झाडातून झाड उगवलेलं. त्या दिवसांत समोरचं जंगलही तसंच दिसतं, हे पाहून मी फार खूश होतो. लाल मातीचे कण जड, ते ओल्या कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर दगडाचा खरखरीतपणा दिसू लागतो; गाविलगड किल्ल्याचा बुरूज रंगवायला याहून चांगलं काही नाही.

फुलापानांचे रंग थोडक्यात सांगतो, कारण ते पाहुणे आहेत. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, तळवा रक्तासारखा लाल. फाल्गुनात पळसाची झाडाखाली पडलेली फुलं पाण्यात उकळा, केशरी-पिवळा रंग. चिमूटभर खायचा सोडा टाकला की आणखी गडद. हिरड्याच्या कषायात हिराकस घातला की काळीभोर शाई, आणि ती कागदावर लिहिल्यावर हवा लागून आणखी काळी होत जाते. शाई टिकते, पण पळस नि साग उन्हानं विटतात. उजेड त्यांच्या रंगाचे धागे तोडतो. त्यांनी लेकरांच्या वह्या रंगवाव्यात, पाहुण्यांना पत्रं रंगवावीत. भिंतीवर टांगायच्या चित्रात त्यांना भरीला घालू नये.

राहिला निळा. मातीतून लाल मिळतो, पिवळा मिळतो, काळ्या दगडाच्या पोकळ्यांत हिरवी मातीही सापडते, अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा त्याच जातीचा आहे. पण निळी माती डोंगरात कुठंच नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनाही तो परदेशातून आणावा लागला. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड व्यापाऱ्यांच्या संगतीनं एवढं अंतर चालून आला, तेव्हा ते निळे ठिपके भिंतीवर पडले. बाकी सगळे रंग अवतीभोवतीचे आणि एक एवढा लांबचा! आणि गंमत म्हणजे, चिखलदऱ्याला उभं राहून पाहिलं तर सर्वांत जास्त निळाच दिसतो. जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळसर, त्यामागची अधिक निळी, शेवटची आभाळात मिसळलेली. तिथं जाऊन हात लावा, तो डोंगर हिरवाच आहे. मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते आणि जितकी हवा मधे जास्त तितका निळेपणा जास्त; लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली याचं गणित दिलं.

मग मी निळा कुठला वापरतो? धोब्याच्या निळीची जुनी पूड. हसू नका. लाजवर्द दगडात जो निळा असतो तोच पदार्थ १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाँ-बाप्तिस्त गिमे यांनी पांढरी माती, सोडा आणि गंधक भाजून तयार केला, आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग पुढं धोतरं पांढरी दिसावीत म्हणून खेड्याच्या किराणा दुकानात आला. आमच्याकडं चुन्यात नीळ कालवून घरं निळी करत, ती याच निळीनं. तिचा निळेपणा गंधकाचा आहे. तीन-तीन अणूंचे जुडगे दगडाच्या बारीक पिंजऱ्यात कोंडून ठेवलेले. चुन्यात तिला काही होत नाही, पण चमचाभर निळीवर लिंबू पिळून पाहा: पिंजरा मोडतो, निळा रंग उडतो आणि सडक्या अंड्याचा वास घरभर. लेकरांना हा खेळ फार आवडतो, त्यांच्या आयांना नाही.

पाण्याचं तेवढं सांगायचं राहिलं. चिखलदऱ्याला पावसाळ्यात छपरं गळेस्तोवर पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग, तेव्हा कुंचला धुवायला नळ सोडून बसायची सोय नाही. दोन भांडी ठेवावीत, एकात कुंचला पहिल्यांदा धुवायचा, दुसऱ्यात शेवटचा हात मारायचा. दिवसभराला तांब्याभर पाणी पुष्कळ. बाजारातल्या काही झगझगीत पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असतं, ते विषारी. त्यांचं धुवण नालीत किंवा झाडाला ओतू नये, म्हणून मी ते रंगच आणत नाही. मातीच्या रंगांचं धुवण रात्रभर तसंच ठेवतो, सकाळी वरचं नितळ पाणी मोगऱ्याला घालतो आणि खालचा गाळ एका शिंपल्यात ओढून घेतो. लाल मातीत नीळ मिसळली की राखाडी होतो, आणि दिवसभरात भांड्यात तेच झालेलं असतं. हा राखाडी कुठल्या दुकानात मिळत नाही, दोन दिवस तोच निघेल याचा भरवसा नाही, पण आषाढात इथल्या मोझरी पॉइंटच्या बाजूनं ढग चढू लागले की मी आधी तो शिंपला शोधतो. नातवाला सांगून ठेवलंय, घरातलं काही आवर बेटा, पण तो धुवू नको.